कुवेंपुनगरच्या गच्चीवरून दिसणारी टेकडी

म्हैसूरला गेलेला मराठी प्रवासी राजवाडा पाहतो, वृंदावन उद्यानातील कारंजी पाहतो, उदबत्त्या आणि म्हैसूरपाक पिशवीत भरतो आणि उटीच्या बसमध्ये बसतो. कुवेंपुनगर ही वसाहत त्याच्या वाटेत येत नाही. तिथे पाहण्यासारखे तरी काय आहे? सरळ रस्ते, सावलीची झाडे, दारापुढच्या रांगोळ्या, विख्यात वीणावादक शेषण्णा यांच्या नावाचे संगीत सभागृह. पण इथल्या एखाद्या गच्चीवर चढून पूर्वेकडे पाहिले, की चार-पाच किलोमीटरवर चामुंडी टेकडी दिसते आणि एक अद्‌भुत गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते.

आजच्या मुलांना अशा टेकड्यांचे फार आकर्षण आहे. संगणकावर ती जे भूमिका घेऊन खेळायचे खेळ खेळतात, त्यांत एक काल्पनिक राज्य असते. खेळणारा त्यातले एक पात्र होतो, गावोगाव हिंडतो, कुणाशी लढायचे आणि कुणाला सोडायचे हे स्वतः ठरवतो. २०११ साली आलेला ‘स्कायरिम’ हा अमेरिकेतला खेळ असाच जगभर गाजला. त्या मालिकेचा पुढचा भाग २०१८ साली जाहीर झाला, तेव्हा पडद्यावर काही सेकंद नुसते डोंगर आणि समुद्रकिनारा दिसला. प्रदेशाचे नाव सांगितले नव्हते. मग काय, त्या डोंगरांच्या आकारावरून ‘हा भाग अमुक राज्यात घडणार’ असे तर्क सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रंगत राहिले.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. पुण्यातील एका चमूने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ जगासमोर आणला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गादेवी आणि भोवती राजस्थानी वळणाचे वाडे-महाल. मग अशी पुढची एखादी गोष्ट कुठे घडावी? या प्रश्नाला चामुंडी टेकडीइतके चपखल उत्तर क्वचितच मिळेल.

टेकडी समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा थोडी अधिक उंच आहे. वर जायला सुमारे हजार पायऱ्या आहेत. वाटेत सतराव्या शतकात एकाच शिळेतून कोरलेला प्रचंड नंदी बसलेला आहे. माथ्यावर चामुंडेश्वरीचे मंदिर आणि अंगणात उभा रंगीत महिषासुर, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग! खेळ रचणाऱ्याला आणखी काय हवे? देवीमाहात्म्यातला रक्तबीज तर जणू अशा खेळासाठीच जन्मला आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला, की त्यातून नवा राक्षस उभा राहतो. तलवार जितकी चालवावी, तितके शत्रू वाढतात. तिथे नुसत्या बळाने भागत नाही, युक्ती लागते.

शिवाय तलकाड दूर नाही. कावेरीकाठचे हे गाव म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथली जुनी मंदिरे वाळूच्या टेकाडांखाली गाडली गेली. अलमेलम्मा नावाच्या राणीने नदीत उडी घेताना ‘तलकाडची वाळू होवो’ असा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. वाळूत बुडालेले देऊळ शोधत जाणे, हे कुठल्याही मुलाला आवडेल.

मात्र इथेच एक अडचण उभी राहते. या खेळात महिषासुर कोण असेल? नुसता मारून टाकायचा शत्रू?

म्हैसूर हे नावच महिषावरून आले. मराठी कानाला तर त्यात सरळ म्हैसच ऐकू येते. ज्याला देवीने मारले, त्याचेच नाव शहर मिरवते. म्हैसूरमधले काही लोक महिषाला राक्षस मानत नाहीत. तो न्यायी राजा होता असे ते म्हणतात आणि ‘महिष दसरा’ साजरा करतात. त्यावरून वादही झाले आहेत. देवीच्या भक्तांना ते रुचत नाही.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. तुळजापूरची भवानी आणि वणीची सप्तशृंगी या दोघी महिषासुरमर्दिनी. पण त्याच महाराष्ट्रात शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो आणि शेतकरी त्याला श्रद्धेने नारळ फोडतो. दामोदर कोसंबी यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात म्हसोबा आणि महिषासुर यांचे जुने नाते दाखवून दिले. एकाच घरातली माणसे नवरात्रात देवीचा घट बसवतात आणि म्हसोबालाही विसरत नाहीत. त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

या अडचणीतून वाट दाखवणारा माणूस कुवेंपुनगरच्या नावातच आहे. कन्नडचे महाकवी कुवेंपु (१९०४–१९९४) म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या ‘श्रीरामायण दर्शनम्’ या महाकाव्याला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. या रामायणात रावणाच्या मनात पश्चात्ताप जागा होतो आणि अग्निपरीक्षेच्या वेळी सीतेबरोबर रामही अग्नीत प्रवेश करतो. गोष्ट तीच, पण खलनायकालाही बदलण्याची संधी आहे. ज्या खेळात निर्णय खेळणाऱ्याच्या हाती असतो, त्यात अशी संधी सहज ठेवता येईल. वर चढताना तलवार घ्यायची की आधी महिषाचे म्हणणे ऐकायचे, हे मुलालाच ठरवू द्यावे.

देवादिकांना खेळात आणणे म्हणजे पावित्र्यभंग, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांनी म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) यांची आठवण ठेवावी. देवीचे हे निस्सीम भक्त स्वतः पटावरचे खेळ आणि गंजिफाचे डाव रचत. त्यांच्या गंजिफांमधला एक डाव चामुंडेश्वरीच्याच नावाचा आहे. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांतही दहा अवतारांची १२० पाने असतात. देव हातात घेऊन खेळण्याची रीत या दोन्ही गावांत जुनी आहे. फरक इतकाच, की तेव्हा खेळ घरातली माणसे मिळून खेळत आणि पान टाकता टाकता गोष्ट सांगितली जाई. आता मूल एकटेच पडद्यापुढे बसते आणि गोष्ट परक्या देशातून येते.

म्हैसूर बंगळूरपासून सुमारे १४५ किलोमीटरवर आहे. राजवाड्यासाठी एक दिवस ठेवलात, तर एक सकाळ टेकडीसाठी ठेवा. बसही वर जाते, पण मुले बरोबर असतील तर उन्हे चढण्यापूर्वी पायऱ्यांनी जावे. नंदीपाशी थांबून घोटभर पाणी प्यावे. माथ्यावर पोहोचल्यावर त्या रंगीत महिषासुरापुढे मुलांना उभे करून विचारावे, ‘‘तुम्ही गोष्ट रचली असती, तर याचे पुढे काय झाले असते?’’

उत्तर ऐकायला मात्र तिथे थोडा वेळ बसावे.