चिरागनगरची वाट

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही भाच्याला घेऊन घाटकोपरच्या चिरागनगरला जाऊन आलो. कारण घरगुती होते. आमची धाकटी बहीण कल्याणला राहते. तिचा मुलगा बी.ए. होऊन एका खाजगी कंपनीत कंत्राटावर लागला आहे. पगार 18,000. त्याने एका रात्री जेवताना जाहीर केले की, नोकरी सोडून कादंबरी लिहिणार. झाले! बहिणीचा फोन आला, "दादा, तू चार ठिकाणी भाषणं करतोस. घरच्या पोराला पण दोन शब्द सांग."

आम्ही पडलो बी.कॉम., त्यात कारकून. जमा आणि खर्च या दोन रकान्यांत जे बसत नाही ते आम्हाला चटकन उमगत नाही. तेव्हा तोंडी उपदेश करण्यापेक्षा लेखणीवर जगलेल्या माणसाची वस्तीच दाखवावी, पोरगा आपोआप जमिनीवर येईल, असा हिशेब करून निघालो.

घाटकोपर पश्चिमेला उतरलो. 2014 साली इथे मेट्रो जोडली गेली, तेव्हापासून या पुलावर माणूस चालत नाही, ढकलला जातो. बाहेर येऊन विचारत विचारत गेलो. चिरागनगर म्हटले की लोक आधी मासळी बाजाराची वाट दाखवतात. बाजार ओलांडून आत शिरलो आणि बोळ सुरू झाले. समोरून माणूस आला की एकाने अंग चोरून उभे राहायचे. पायाखाली गटारावरची फरशी, डोक्यावर वायरींचे जाळे, प्रत्येक दारात निळा पिंप. एका घरात टीव्ही, दुसऱ्यात भांडण, तिसऱ्यात शिलाई मशीन.

पाणी भरणाऱ्या एका बाईने हटकले, "कुणाकडं आलात?"

"अण्णाभाऊ साठे राहायचे ती वस्ती बघायला आलोय, ताई."

"बघा की. पण पाण्याच्या टायमाला मधी उभं राहू नका."

आम्ही बाजूला झालो.

वाटेगावचा हा मुलगा. जन्म 1 ऑगस्ट 1920. शाळेचा अनुभव दीड दिवसाचा. बापाबरोबर पायी मुंबई गाठली, मिळेल ते काम केले, अक्षरे इथेच गिरवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळीशी नाते जुळले. 1944 साली अमर शेख आणि गवाणकर यांच्या साथीने लाल बावटा कलापथक उभे राहिले, पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. शाहीर म्हणून सर्वांना ठाऊक असलेला हा माणूस कथा-कादंबऱ्या लिहायला बसे तो अशा बोळातल्या झोपडीत. तीसच्या वर कादंबऱ्या, शिवाय कथांचे संग्रह. 1959 ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि परत आले ते याच बोळात.

आमचा भाचा गप्प होता. घरी त्याची कायमची तक्रार असते की एका खोलीत चार माणसे, त्यात टीव्ही. लिहायला शांतता कुठून आणायची? इथे तो दहा मिनिटे नुसता ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, इथं टेबल कुठं मावलं असेल?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण आम्हाला 'स्मशानातील सोनं' ही कथा आठवली. त्यातला भीमा वारणेकाठचा गडी, मुंबईच्या उपनगरात खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. घरात बायको आणि लेक. मग तो मसणातली राख चाळून सोन्याचे कण शोधू लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात आणि दोन बोटे गमवावी लागतात. मग कळते, खाण पुन्हा सुरू झाली. ज्या हातांनी डोंगर फोडला त्यांना आता काम जमणार नाही. बंद खोलीत बसून अशी माणसे सापडतात असे आम्हाला वाटत नाही. 'चिरागनगरची भुतं' असे नावच त्यांच्या एका संग्रहाला आहे.

तरीही आम्ही आमचा मुद्दा मांडलाच. "18 जुलै 1969 ला गेले. एकोणपन्नास पुरी व्हायला चौदा दिवस कमी. पुस्तकांवर सिनेमे निघाले, पण गरिबी हटली नाही. 2002 साली पोस्टाचं तिकीट निघालं, 2022 साली मॉस्कोत पुतळा बसला. हे सगळं मागाहून. घर मात्र रोज चालवावं लागतं."

"आणि बाबूराव बागूल? त्यांनीपण 1968 नंतर लिहिणंच धरलं."

"त्यांचे हाल कमी झाले का?"

"मामा, हाल लिहिल्यामुळे झाले की आपण पुस्तकं विकत घेत नाही म्हणून झाले?"

वाचकहो, हा वार आम्हाला लागला. आमच्या घरात अण्णाभाऊंची तसबीर आहे. पुस्तके किती? तीन. त्यातली दोन मागून आणलेली, परत करायची राहिली. जयंतीच्या मंडपासाठी आम्ही हजारोंनी वर्गणी फाडतो, पावतीपुस्तके आमच्याच हातात असतात. पण स्टॉलवर कुणी लेखक स्वतःचे पुस्तक घेऊन उभा राहिला तर विचारतो, "सवलत किती?" भाच्याची कादंबरी निघाली तर आम्ही ती फुकटच मागू, हेही त्याच क्षणी कळले.

बाहेर येऊन चहा घेतला. तो म्हणाला, "मामा, तुमची पण एक कथा छापून आली होती ना?"

आली होती. 2001 साली, एका दिवाळी अंकात. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती. पुढे खात्याच्या परीक्षा आल्या, लग्न, मग समाजकार्य. दुसरी कथा कपाटात आहे, अर्धी.

"पूर्ण का नाही केली?"

"वेळ नाही मिळाला," आम्ही म्हणालो. त्याने मागे वळून त्या बोळाकडे पाहिले, बोलला काही नाही.

परतीच्या लोकलमध्ये एवढेच ठरले की कंत्राट संपेपर्यंत पाच महिने नोकरी करायची, सकाळी पाच ते सात लिहायचे, आणि दर महिन्याला लिहिलेले आम्हाला वाचायला द्यायचे. आम्ही काय द्यायचे, ते त्याने विचारले नाही. ठाणे यायच्या आत बहिणीचा फोन.

"सांगितलंस का रे त्याला?"

"बोंबील घेतलेत चिरागनगरला," आम्ही म्हणालो, "तवा टाकून ठेव."