डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

‘गाडी जपून चालव गं!’ साताऱ्याहून निघताना बाबांनी त्यांची डिझेल गाडी माझ्या ताब्यात देत एवढंच बजावलं. मीही जपली. कोथरूड ते डेक्कन, डेक्कन ते कोथरूड. तीन-चार किलोमीटर, तिशीचा स्पीड. एकदम गुणी मुलगी!

चार-पाच महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. बाबांच्या फोनसारखंच त्याच्याकडेही ‘बघू नंतर’ केलं. पंधरा दिवसांत पिकअप गेला.

मेकॅनिकने लॅपटॉप जोडला आणि विचारलं, ‘मॅडम, गाडी हायवेला शेवटची कधी नेली होती?’

आठवेचना.

मग माझी शिकवणी झाली. एप्रिल 2020 मध्ये बीएस-सिक्स नियम लागू झाले, तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला साधारण 600 अंश तापमान लागतं. गाडी हायवेवर सलग पळाली तर धूर मुळातच चांगला तापलेला असतो. शहरात तो तापत नाही, म्हणून इंजिन जादा डिझेल सोडून तापमान वाढवतं. याला म्हणतात रिजनरेशन. पण तेही पंधरा-वीस मिनिटं मागतं, आणि माझा प्रवास बारा मिनिटांत संपायचा! दर वेळी काम अर्धवट असताना मी किल्ली फिरवून मोकळी. काजळी तशीच, वर न जळलेलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये. म्हणजे मी जपत होते, आणि गाडी आतून घुसमटत होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये फिल्टर साफ झाला, ऑइल बदललं, खिसा हलका झाला. फिल्टरच बदलावा लागला असता तर बिल लाखाच्या घरात गेलं असतं म्हणे.

तेव्हा तुमचं ऑफिस घराजवळ असेल, तर डिझेल घेताना दोनदा विचार करा. घेतलीच असेल, तर अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर पळवा. आणि दिवा लागला की त्याच दिवशी मॅन्युअल उघडा.

मी आता दर दुसऱ्या रविवारी साताऱ्याला जाते. खंबाटकी चढताना गाडी पूर्वीसारखी उचलते.

परवा निघताना बाबा बोनेटवर हात ठेवून म्हणाले, ‘काय गं, शहरात फिरवलीस की तो दिवा परत लागेल ना?’

‘लागेल की, बाबा.’

‘बरं,’ म्हणाले. चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती.