बंदूक स्वस्त, राखण महाग

तिसगाव, ता. पाथर्डी

चि. बाळ यास,

दादांची दुनळी तू नावावर करून घ्यायची म्हणतोस. वाट मोकळी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं जवळ राहिली, की त्याच्या हयातीतही वारसाला परवाना मागता येतो. पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी मात्र कुणाला चुकत नाही.

बंदूक मुंगेरची, साधी बाराबोर. म्हणूनच शेतकऱ्याच्या ऐपतीत बसली. नळ्या मोडल्या की आधी दोन्हींतून उजेड बघायचा. काडतूस नाही याची खात्री हरवेळी नव्याने करायची. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. डावीचं तोंड जरा आवळलेलं असतं, त्यामुळे छर्रे कमी पांगतात. तरी ३५-४० मीटरपुढे भरवसा धरू नये. दस्ता खांद्यात घट्ट नसला तर धक्क्याने खांदा सुजलाच म्हणून समज.

२०२० साली मढी, केळवंडी, शिरापूरकडे बिबट्याने लेकरं नेली, तेव्हा ‘घरात बंदूक असून काय उपयोग?’ असं लोक तोंडावर म्हणायचे. संताप रास्तच होता. पण बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला; माणसाच्या जिवावर उठला तरी त्याला मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देतात. रानडुकरालाही वनखात्याला विचारल्यावाचून हात लावता येत नाही. वरातीत बेफिकिरीने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री उसाला पाणी धरताना बॅटरी, काठी आणि सोबतीला माणूस हीच खरी राखण.

नेमबाजीची हौस असेल तर गोष्ट निराळी. रेंजवर हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायला दुनळी उत्तम. एक हुकली तर दुसरी नळी तयार.

पण तुझ्या पुण्याच्या फ्लॅटात कुलपाचं लोखंडी कपाट लागेल, काडतुसं वेगळी ठेवावी लागतील, पोरांना किल्ली कुठे ते कळता कामा नये. तेल-फडकं पावसाळ्यात विसरलं की नळीला आतून गंज धरलाच. निवडणूक आली आणि जमा करायचा हुकूम निघाला, की रजा काढून ठाण्यात जा.

एवढं निभणार असेल तर खुशाल अर्ज भर. नुसती भिंतीवर मिरवायची असेल, तर दादांना मी समजावतो. परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकू. दादांच्या परवान्याची मुदत संपत आलीय, तेव्हा काय ते दिवाळीआधी कळव.

तुझा,
काका