‘सांगितलं तर मार बसेल’

आमच्या घरामागे शेततळे आहे. उन्हाळी कांद्याला त्याचा मोठा आधार. पण पोरेबाळे असलेल्या घराच्या मागे शेततळे म्हणजे उघड्यावर ठेवलेला विस्तवच. विहिरीत पडलेला माणूस निदान पायरीला, कपारीला हात घालू शकतो. तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून आमच्याकडे तळ्याला तारेचे कुंपण आहे, दाराला कुलूप आहे आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेले आहेत. हे दोर उन्हाने विरतात. ते वेळच्या वेळी बदलावे लागतात, नाहीतर नुसती शोभा.

फवारणीच्या औषधांचे तेच. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या गंडामन गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. ती बातमी वाचल्यापासून औषधाचा रिकामा डबा आमच्या घरात शिरलेला नाही. डबा कितीही चांगला असो, भोक पाडून तो निकामी करायचा. शेजारणी हसतात, हसोत. कडबा कुट्टीचे बटण मुलांच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर आहे, हे सांगून हा भाग संपवते. कारण ही सारी संकटे डोळ्यांना दिसणारी आहेत आणि दिसणाऱ्या संकटाला आपण शेतकरी माणसे कुंपण घालू जाणतो.

माणसापासून येणाऱ्या संकटाला कुंपण कोठे घालणार? तो माणूस बहुधा ओळखीचाच निघतो. आपल्या ओसरीवर चहा पिऊन गेलेला, पोरांना गोळ्या-बिस्किटे देणारा, चारचौघांत मान असलेला.

आम्ही ख्रिस्ती आहोत. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात, आमच्यासारखी शेतीवर जगणारी ख्रिस्ती घरे गावोगाव आहेत. आमच्याकडे मुलाला पहिला धडा मिळतो तो आज्ञापालनाचा. आईबापांचा मान राखणे ही दहा आज्ञांतली एक. पौलानेही इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मुलांना हेच सांगितले आहे. मात्र त्याच पत्रात, अगदी लगेच पुढे, मुलांना संतापायला लावू नये असे बापांनाही बजावले आहे. हा दुसरा भाग आमच्या उपदेशांत फारसा ऐकू येत नाही, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. इतर समाजांत तरी काय निराळे आहे? ‘काकांना पापा दे’, ‘मामांच्या मांडीवर बस’, ‘मोठ्यांना उलटून बोलू नये’ हे कोणत्या घरात म्हणत नाहीत? मूल अंग चोरते, मागे सरकते, आणि आपण त्याला पुढे ढकलतो. मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणण्याचा हक्क नाही, हे आपण त्याला असे रोज शिकवीत असतो.

आता जे सांगणार आहे त्यातले गाव, वर्ष आणि नातीगोती मी गाळली आहेत. मुलाची ओळख पटेल असे काही छापणे कायद्यानेही मना आहे, आणि नसते तरी मी ते लिहिले नसते.

मी मंडळीत मुलांची संडेस्कूल घेते. नाताळ जवळ आला होता. देवळाच्या ओट्यावर आम्ही बायका रंगीत कागदाच्या चांदण्या कातरीत बसलो होतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि उगाच खळीचे भांडे ढवळू लागला. इतर बायका पाणी प्यायला उठल्या तेव्हा खाली बघून म्हणाला, “बाई, मोबाइलवर घाण चित्रं बघितली तर देव शिक्षा करतो का?”

माझ्या पोटात धस्स झाले. पण मुले अशी बाजूबाजूनेच बोलतात. आपण तोंडाचा आ केला की पाखरू उडून जाते. मी कातर चालूच ठेवली. “देव असा चटकन रागावत नाही. कोणी दाखवली का तुला?” एवढेच म्हटले. मग हळूहळू सारे बाहेर आले. गीतांची तालीम घेणारा माणूस वाद्ये उचलून ठेवायला म्हणून त्याला एकट्याला मागे थांबवी. मोबाइल दाखवी. आणि पुढे नुसते दाखवण्यावर थांबले नव्हते.

“आईला सांगितलंस?”

“नाही. पप्पांनी मोबाइलला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. सांगितलं तर मार बसेल.”

त्या माणसाला हे पक्के ठाऊक होते. ‘तू मोबाइल बघतोस हे तुझ्या बापाच्या कानावर घालीन’ एवढी धमकी त्याला पुरत होती. बाप काही वाईट माणूस नव्हे. कष्टाळू, निर्व्यसनी. मुलाच्या भल्यासाठीच त्याने तो नियम केला होता, आणि त्याच नियमाचे कुलूप मुलाच्या तोंडाला बसले होते.

त्याच संध्याकाळी मी आणि माझे यजमान मुलाच्या घरी गेलो. बापाचा पहिला हात मुलावरच उठला. यजमानांनी तो वरच्यावर धरला. मग तो गडी जमिनीवर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळीतले वडीलधारे जमले. कोणी मुलाला खोटे म्हटले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण सूर निराळाच निघाला. “आपण गावात मूठभर घरे. बाहेर बभ्रा झाला तर लोक काय म्हणतील?” “सण तोंडावर आहे, नंतर बघू.” “त्याला तालमीवरून काढून टाकू, म्हणजे झाले.” या बोलण्यामागची भीती मला समजते. थोड्या माणसांच्या समाजाला आपली अब्रू फार जपावी लागते. पण अब्रू जपायची ती लेकराच्या जिवावर का?

मी काही फार शिकलेली नाही, पण शास्त्र वाचते. हन्नाने आपला शमुवेल लहानपणीच शिलोच्या मंदिरात नेऊन ठेवला आणि दरवर्षी ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून नेत असे, ही गोष्ट आमची मुले कौतुकाने ऐकतात. त्याच मंदिरात एली याजकाचे दोन मुलगे वाईट चालीने वागत होते आणि बापाने त्यांना आवरले नाही, हे मात्र आपण भराभर वाचून पुढे जातो. देवाचे घर म्हणून ते सुरक्षित होते असे शास्त्रच म्हणत नाही. पुढे रात्री देव शमुवेलाशी बोलला, आणि जे बोलला ते एलीच्याच घराविरुद्ध होते. सकाळी ते सांगायला मुलगा भ्याला. तेव्हा म्हाताऱ्या एलीने त्याला जवळ बोलावले आणि काही लपवू नकोस म्हणून बजावले. मुलाने सगळे सांगितले. एलीने ते ऐकून घेतले, त्याच्यावर हात उगारला नाही. एलीचे बाकी पुष्कळ चुकले असेल, पण ही गोष्ट त्याने केली. मी त्या बैठकीत हेच बोलले. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे खुद्द येशू म्हणाला, तेही आठवून दिले. बैठक मोडली.

दुपारी मुलाचे आईबाप आणि आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. २०१२ साली झालेला पोक्सो कायदा प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावा असा आहे. तो मुलगा आणि मुलगी दोघांनाही, अठरा वर्षांखालच्या सर्वांना लागू आहे. असा गुन्हा कळूनही जो कळवत नाही तोही शिक्षेस पात्र ठरतो, म्हणजे ‘सणानंतर बघू’ म्हणण्याची मोकळीक आम्हाला नव्हतीच. शाळा किंवा धार्मिक संस्था चालवणाऱ्यांकडून वा तिथे काम करणाऱ्यांकडून, अथवा नातेवाइकाकडून असा अत्याचार झाला तर शिक्षा अधिक कडक आहे. कायदा करणाऱ्यांना जग ठाऊक होते म्हणायचे. जबाब घ्यायला अधिकारी बाई साध्या कपड्यांत मुलाच्या घरी आल्या, आई शेजारी बसलेली होती. ही मेहेरबानी नव्हे, कायद्याचीच तशी तरतूद आहे; ठाण्यावर कोणी नाही म्हटले तर ती दाखवून द्यावी. कोठे जावे हे सुचत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट फोन आहे, तो मूल स्वतःही लावू शकते.

खटला चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. दोन घरांतून अजून आमच्याकडे नाताळचा फराळ येत नाही. मंडळीने मात्र पुढे स्वतःहून काही ठराव केले. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसे, खोलीचे दार उघडे, आणि मुलाच्या मोबाइलवर कोणी परस्पर निरोप धाडायचा नाही. आमच्या कॅथलिक बांधवांत तर २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनीच फर्मान काढून, अशी तक्रार नोंदवण्याची सोय प्रत्येक धर्मप्रांतात असली पाहिजे असे ठरवून दिले. रोमपासून आमच्या ओट्यापर्यंत दुखणे एकच आहे.

शाळेविषयी थोडेच सांगते. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली शाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले. २०२४ मध्ये बदलापुरात बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, हे विचारायला पालकसभेपर्यंत थांबू नका. पेटी ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच उघडणार असेल तर ती पेटी कसली? आणि पोरांना नेणाऱ्या गाडीत सर्वांत शेवटी कोणाचे मूल उतरते, तेही एकदा पाहून ठेवा.

राहिला मोबाइल. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि अभ्यासच मोबाइलवर आला, तेव्हापासून ‘हात लावू नको’ हा नियम कागदावरच राहिला. आमच्या घरी मोबाइल ओसरीवर बघायचा, रात्री नऊनंतर तो देवघराऐवजी आमच्याकडे जो प्रार्थनेचा कोनाडा आहे त्यात ठेवायचा, यजमानांचासुद्धा. हे सगळे ठीक. पण त्या मुलाचे शब्द ऐकल्यापासून मी एक नियम वरचढ केला: काही विपरीत दिसले किंवा घडले आणि मुलाने आपण होऊन सांगितले, तर मार नाही आणि मोबाइल काढून घेणेही नाही. यजमानांना हे पटेना. “म्हणजे काहीही करायचं आणि सांगून मोकळं व्हायचं?” दोन दिवस वाद चालला. शेवटी ठरले की, सांगितले तर माफ, सापडले तर आठवडाभर गोठ्याचे शेण काढायचे. आमच्या धाकट्याने आजवर दोन आठवडे शेण काढले आहे.

मोठी आठवीत होती तेव्हाची गोष्ट. मी धार काढीत होते, ती मोबाइल घेऊन गोठ्यात आली. खेळाच्या निमित्ताने ओळख काढलेल्या कोणा अनोळखी माणसाने तिला फोटो मागितला होता, बदल्यात खेळातली बक्षिसे देतो म्हणाला होता. तिने पाठवला नव्हता. आम्ही काही पुसून टाकले नाही. सगळ्या निरोपांची चित्रे काढून ठेवली, कारण पुरावा तोच असतो. मग त्याला बंद केले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेले असते तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा, हेही तेव्हा कळले. अशा माणसाला पैसे देऊन सुटका होत नाही, मागणी वाढत जाते.

सकाळी वर्गशिक्षिकेच्या कानावर घातले. चौकशी केली तेव्हा तोच माणूस वर्गातल्या आणखी मुलींशी बोलत असल्याचे निघाले. दोघींनी फोटो पाठवले होते. महिनाभर तो त्यांना धमकावीत होता आणि दोघींच्याही घरी कोणाला पत्ता नव्हता. बाईंनी त्यांच्या आयांना बोलावून घेतले, मलाही थांबवून घेतले. एकीची आई खुरपणी टाकून तशीच मातीच्या पायांनी आली. सगळे ऐकून घेतल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, आता घरी गेल्यावर हिला काय म्हणू?”

“आधी जेवायला वाढा,” मी म्हटले. “सकाळपासून तिने काही खाल्लेलं दिसत नाही.”