बोटांची अनुसूची

तिला माणूस दिसत नाही, पेरं दिसतात. तर्जनी मुळापासून गेली तर 14 टक्के, दोन पेरं गेली तर 11, एकच गेलं तर 9. मधलं बोट 12. अनामिका आणि करंगळी तिच्या लेखी सारख्याच, प्रत्येकी 7. अंगठ्याचा मात्र ती मान राखते: 30. हात डावा की उजवा, हे ती विचारत नाही.

ही अनुसूची मूळची 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातली. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कायद्यानंही तिला पुढे आपल्या घरात घेतलं. पिंपरी-भोसरीच्या शेडमध्ये तिचं नाव सहसा कुणाला ठाऊक नसतं. पॉवर प्रेसमध्ये पत्रा सरकवताना हात आत राहतो, डाय खाली येते, आणि जखम भरल्यावर मेडिकल बोर्डासमोर तिची गाठ पडते. रोजची मजुरी 500 रुपये धरली, तर ईएसआयच्या हिशेबानं तर्जनीचे दिवसाला 63 रुपये, हयातभर. करंगळीचे साडेएकतीस.

तिच्या या न बघण्याबद्दल मला आदर आहे. कामगार कायम असो की ठेकेदाराचा, लातूरचा असो की बिहारचा, टक्का तोच. ती नसती तर एकेका बोटाची घासाघीस शेडच्या दारात झाली असती, आणि तिथं हाताला पट्टी बांधून उभा असलेलाच हरला असता.

पण याच स्वभावापायी तिच्या हातून अन्यायही होतो. लेथवर मायक्रोमीटर धरणाऱ्याची तर्जनी आणि गेटवरच्या रखवालदाराची तर्जनी ती एकाच भावानं घेते. शर्टाची बटणं, भाकरी थापणं, लेकीची वेणी घालणं यांचा तर तिच्याकडे रकानाच नाही. तिला नेमलंय ते कमाईची ताकद किती घटली एवढंच मोजायला. बाकीचं तिच्याकडे मागून मिळणार नाही. ते माणसांनीच, निकाल देणाऱ्यांनी, बघायला हवं.

तसं एकदा घडलंय. कामावर असताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. टक्क्यांवर बोट ठेवून मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. एका हातानं सुतारकाम होत नाही, हा नुकसानभरपाई आयुक्तांचा साधा मुद्दा 1975 मध्ये चार न्यायमूर्तींनी उचलून धरला. अनुसूचीचा आकडा बाजूला राहिला आणि सुताराचं नुकसान पूर्ण, शंभर टक्के ठरलं.