आरोप कोणावर?

एखाद्या ग्रंथकारावर अथवा पुढाऱ्यावर वर्णद्वेषाचा आरोप झाला, कीं सुशिक्षित मंडळींत तत्काळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, त्याचीं पुस्तकें कपाटांतून काढून टाका. दुसरा म्हणतो, एवढ्या थोर पुरुषाविषयीं असें बोलवतें तरी कसें! मूळ पुस्तक उघडून पाहण्याची तसदी मात्र दोघांपैकीं क्वचितच कोणी घेतो. आमचा अनुभव तरी असा आहे.

मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी अमेरिकेंत १८८५ सालीं प्रसिद्ध झाली. काळ्या लोकांस उद्देशून वापरला जाणारा एक हीन शब्द तींत दोनशेंहून अधिक वेळां आला आहे. आमच्याकडील एका विद्यार्थ्यानें तेवढ्यावरून तें पुस्तक अर्ध्यावर मिटून परत आणून दिलें. त्याचा राग खोटा नव्हता. पण तो शब्द उच्चारतो कोण? गुलामगिरी ज्या गांवांत धर्मसंमत मानीत, तेथें आईवांचून वाढलेला हक नांवाचा मुलगा. पळून आलेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा कळविणारें पत्र तो लिहितो. मग नदीवरील प्रवासांत जिमनें आपणांस कसें जपलें तें त्यास आठवतें, आणि नरकांत जावें लागलें तरी चालेल, असें म्हणून तो तें पत्र फाडून टाकतो. आपण पाप करीत आहों असें हकला वाटतें. वाचकाला मात्र कळतें, कीं या मुलाचें हेंच खरें सत्कृत्य. पात्राच्या तोंडचा शब्द लेखकाच्या पदरीं बांधणें हा येथें उघड अन्याय होय. २०११ सालच्या एका अमेरिकन आवृत्तींत तो शब्द गाळून त्या जागीं ‘गुलाम’ असें घातलें. पुस्तक सोज्ज्वळ झालें, पण त्या गांवाचें पाप झांकलें गेलें.

तथापि शेवटचीं प्रकरणें आम्हांस खटकतात. जिमला मुक्त करण्यांत आलें आहे हें ठाऊक असूनहि टॉम सॉयर केवळ गंमत म्हणून त्याला खोपटांत कोंडलेलाच राहूं देतो, आणि लेखक त्या थट्टेंत रमतो. तेथें आरोपास जागा आहे.

किपलिंगची गोष्ट निराळी. तो १८६५ सालीं मुंबईस जन्मला, वडील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. ‘किम’मधील तिबेटी लामा त्यानें ज्या मायेनें रंगविला आहे, ती नुसत्या द्वेष्ट्या माणसास साधत नाहीं. परंतु १८९९ सालीं ‘गोऱ्या माणसाचें ओझें’ या अर्थाच्या कवितेंत अमेरिकेनें फिलिपाइन्सचा कारभार उचलावा म्हणून त्यानें जो उपदेश केला, तो कोणा पात्राच्या तोंडचा नव्हे. जिंकलेल्या लोकांस तेथें पोरकट व रानटी ठरविलें आहे. पुढें १९१९ च्या जालियनवाला बागेंतील हत्याकांडानंतर जनरल डायरसाठीं लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रानें १९२० मध्यें निधि उभारला, त्यासहि त्यानें वर्गणी दिली. वर्गणीला संदर्भ जोडून ती सौम्य करतां येत नाहीं.

‘त्या काळीं सारेच तसे होते’ ही सबब फार ऐकूं येते. ट्वेन आणि किपलिंग हे समकालीन, एकमेकांचे चाहते. १९०७ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठानें दोघांस एकाच समारंभांत सन्मानाची पदवी दिली. तरीहि फिलिपाइन्सवरील स्वारीविरुद्ध १९०१ सालीं ट्वेननें जळजळीत लेख लिहिला. त्याच काळांत, त्याच मासिकें-वर्तमानपत्रांच्या जगांत राहून एकास जें दिसलें, तें दुसऱ्यास दिसणें अशक्य नव्हतें.

‘किम’ आम्हीं कपाटांतून काढलेलें नाहीं. मात्र मुलाच्या हातीं देतांना डायरच्या निधीची हकीकत आम्ही सांगतों. “मग मुलाला पुस्तक गोड कसें लागेल?” असें एका पालकांनीं विचारलें. लागतें. त्यांचाच मुलगा परवां तें दुसऱ्यांदा मागावयास आला, आणि किम जेथें आरंभीं तोफेवर बसलेला दिसतो त्या लाहोरपासून अमृतसर किती दूर, हें नकाशांत शोधीत बराच वेळ उभा होता.