कोणाचो रे तू?

आमच्या मालवण तालुक्यातल्या कट्ट्याच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्याने अडवून विचारलं, "कोणाचो रे तू?" की आम्ही आपलं नाव सांगतच नसू. आधी वाडी, मग आजोबा, मग बापूस. तेवढ्यात म्हातारा स्वतःच म्हणे, "म्हणजे तू भिकल्याचो नातू!" आमच्या पिढीत नाव एकट्याचं नव्हतंच, ते सगळ्या घराचं होतं.

आणि ते एकच असंही नव्हतं. पत्रिकेतलं एक, पाळण्यातलं दुसरं, हाकेचं तिसरं, आणि शाळेच्या रजिस्टरात गुरुजी लिहितील ते. पत्रिकेतलं अक्षर भटजी नक्षत्राच्या चरणावरून काढत. अश्विनीला चू, चे, चो, ला. हस्ताला पू, ष, ण, ठ. हस्ताच्या तिसऱ्या चरणावर पोर जन्मलं की 'ण'वरून नाव शोधता शोधता घर हैराण, आणि ते नावरास नाव शेवटी पत्रिकेतच राही. बारशाला आत्या कानात 'कुर्र' करी, बायका तिच्या पाठीत धपाटे घालीत, घुगऱ्या वाटल्या जात, आणि जाहीर होई ते बहुतेक आजोबाचंच नाव.

तिथून खरी पंचाईत. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग स्वतःच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून तो बाबू, बाळा, बाबल, अण्णा, भाई, तात्या. दुपट्यातला अण्णा साठीला आला तरी अण्णाच, आणि त्याच्या आईला सगळी वाडी 'अण्णाची आवस' म्हणणार. 'वस्त्रहरण' नाटकातल्या तात्या सरपंचाचं पाळण्यातलं नाव आम्ही कधी विचारलं नाही. घरोघरी असा एक तात्या होताच.

नाव तांब्यापितळेच्या भांड्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जाई. आजोबाचं नातवाला, पणजीचं पणतीला. हाताळून हाताळून त्याच्या कडा गुळगुळीत होत. महादेवाचा म्हादू, पांडुरंगाचा पांडू, विठ्ठलाचा विठू, ग्रामदेवता रवळनाथाचा रवळू. देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा, आणि नवसाने झालेल्या पोराला त्या देवाचंच नाव द्यायचं, म्हणजे पोराला हाक मारताना देवाचंही नाव तोंडी येई.

ज्या घरात मुलं जगत नसत तिथे मात्र मुद्दाम हलकं नाव ठेवीत. धोंडू, दगडू, केरू. भिकू म्हणजे देवाकडे पदर पसरून मागितलेला. कुणाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायचं आणि नथू म्हणायचं. पुढे शाळेत आम्ही या नावांना हसलो. पण एखाद्या आईने आधीची दोन पोरं मातीआड केल्यावर तिसऱ्याला दगडू म्हटलं, तेव्हा ती त्याच्यासाठी दगडाचं आयुष्य मागत होती. मराठीत यापेक्षा मायेचं नाव मला ठाऊक नाही.

मुलींना नद्या आणि तीर्थं. गंगा, यमुना, चंद्रभागा, काशी, द्वारका. यातल्या कितीजणींनी मालवण तालुक्याची वेसही ओलांडली नव्हती! पण माहेरचं नाव लग्नाच्या मांडवातच संपे. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिही आणि कालची यमुना आज सत्यभामा होई. आम्हाला आज्या ठाऊक आहेत त्या सासरच्या नावाने. माहेरच्या नावाने हाक मारणारा भाऊ भाऊबीजेला आला की त्यांचा चेहरा उजळे. लग्नात नाव बदलायची ही रीत मागे पडतेय ते फार चांगलं झालं. घाटावर साताऱ्यात तर मुलगी नको म्हणून 'नकोशी' नाव ठेवीत. २०११ साली तिथल्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली.

मग चाकरमान्यांच्या पत्रांतून मुंबईची नावं येऊ लागली. राजेश खन्नाचा 'आराधना' सिनेमा १९६९चा, त्यानंतरचे राजेश मोजायला नकोत. रमेश तेंडुलकरांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून १९७३ साली मुलाचं नाव सचिन ठेवलं. आणि आमच्यानंतरच्यांनी त्या मुलावरून आपल्या मुलांची. गावसकरांनी रोहन कन्हायवरून मुलाला रोहन केलं. देवाच्या जागी संगीतकार आला, खेळाडू आला. आवडत्या माणसाचं नाव घरात नांदावं ही हौस तीच.

आडनाव मात्र गावाला धरून राहिलं. शेजारच्या वराडचे ते वराडकर. मूळचे त्या गावचे डॉक्टर अशोक वराडकर परदेशी गेले, आयर्लंडमध्ये त्यांना मुलगा झाला, नाव लिओ. २०१७ साली तो तिथला पंतप्रधान झाला आणि २०१९च्या डिसेंबरात वराडला येऊन गेला. 'कोणाचो रे तू' विचारायची गरजच नव्हती, उत्तर आडनावातच होतं. लिओ म्हणजे सिंह हे मुलांनी सांगितलं, तेव्हा आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना त्यात परकं काही वाटलं नाही. आमच्याकडे नरसिंह ठेवीत, त्याचा नरसू होई.